साहेबांचा माइक

३ तारीख, सोमवार

आज हुकूम काढला. पुढच्या सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, आठवड्याचे पाचही दिवस. ज्यांना जमणार नसेल त्यांनी एकतीस तारखेपर्यंत तसं कळवावं. ‘तसं’ म्हणजे कसं, ते मुद्दामच लिहिलं नाही. समजणाऱ्याला समजतं.

आमची कंपनी लहान. ठिकठिकाणच्या शीतगृहांवर लांबून नजर ठेवायची, हे आमचं काम. कुठे भाजी असते, कुठे मासे, कुठे औषधं. तापमान चढलं की आमच्याकडे अलार्म वाजतो आणि आमची माणसं बसल्या जागेवरून तिकडचं मशीन ताळ्यावर आणतात. सॉफ्टवेअर आमचंच. मी मात्र कॉलेजची पायरी चढलेलो नाही, फ्रिज दुरुस्त करत करत इथवर आलो. कॉम्प्रेसरला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग आपली रडगाणी आपणहून सांगायला लागतं. माणसंही तशीच असतात, चालू असताना ऐकली की कळतात. पण गेली काही वर्षं सगळे आपापल्या घरी बसून काम करतायत आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कामं वेळेवर होतात, गिऱ्हाइकं खूश आहेत, सगळं मान्य. पण नुसती थंड हवा लागते म्हणून मशीन ठणठणीत आहे असं कोणता मेकॅनिक म्हणेल?

बायकोला हुकूम वाचून दाखवला. ती यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करते, लग्न झाल्यापासून, घरातल्या मागच्या खोलीत बसून. मान वर न करता म्हणाली, “अहो, मी इतकी वर्षं घरूनच काम करते. माझा कधी संशय नाही आला तो?”

“तुझं वेगळं आहे. तू मला ऐकू येतेस.”

“आणि तुम्ही मला. दाराबाहेर उभे असता ते.”

बोलण्यात तिच्यापुढे कोण टिकणार!

४ तारीख, मंगळवार

थोरलीचा फोन येणार हे ठाऊक होतं. आला. थोरली ती वयाने नव्हे, कंपनीतली पहिली नोकरदार म्हणून. सॉफ्टवेअरचा पाया तिने घातला. बाकीचे तिला ताई म्हणतात. घरून काम सुरू झालं तशी ती नवऱ्याच्या गावी राहायला गेली, इथून आगगाडीने अर्ध्या दिवसाचं अंतर, आणि तिकडचीच झाली.

“साहेब, मला यायला जमणार नाही.”

“का गं? सासूबाईंची तब्येत बरी नाही का?”

“नाही, चांगल्या आहेत. काल पोहायला गेल्या होत्या.”

“मग मुलाची शाळा?”

“शाळा काय, कुठेही असते.”

“मग अडचण काय आहे?”

“अडचण काहीच नाही साहेब. मला इथे बरं वाटतं. काम चांगलं होतं. तुम्हीच सांगा, कुठे कमी पडले?”

आता याला काय उत्तर द्यायचं? अडचण असती तर मी सोडवली असती. मदत केली असती, रजा दिली असती. माणसाला अडचणच नसेल तर मालकाने करायचं काय? म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, “बरं.” थोरली ‘बरं’ म्हणते तेव्हा पुढचं बोलणं संपलेलं असतं, पण मला वाटतं येईल. पहिली नोकरी माणूस अशी सोडत नाही.

७ तारीख, शुक्रवार

ऑफिस झाडून पुसून घेतलं. खुर्च्यांना तेल दिलं, एक सोडून. खिडकीजवळची खुर्ची दाढीवाल्याची. तो आमचा दुसऱ्या क्रमांकाचा प्रोग्रामर. काम जमत नसलं की तो मागे रेलतो आणि खुर्ची कुरकुरते. ती खूण घालवून कसं चालेल? माझ्या केबिनचं दार पूर्वीसारखं वीतभर उघडं ठेवलं. कॉफीचं नवं यंत्र आणलं. बायको म्हणाली, “पाहुणे यायचे असल्यासारखे नाचताय.”

१० तारीख, सोमवार

आले! थोरली सोडून सगळे आले. बायकोने काढून दिलेला सदरा घातला होता. प्रत्येकाशी हात मिळवला. दाढीवाल्याची दाढी आता छातीपर्यंत आली आहे, पडद्यावर निम्मीच दिसायची. शंकेखोर माझ्या कल्पनेपेक्षा उंच निघाली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम तिचं, म्हणून हे नाव. नोकरीला लागल्यापासून तिला मी उभी पाहिलीच नव्हती.

नंतर केबिनमध्ये बसलो, दार वीतभर उघडं, कान टवकारून. दहा मिनिटं खुर्च्या सरकल्या, पिशव्या उघडल्या. मग एकेकाने कानांवर ते मोठे हेडफोन चढवले आणि सगळं चिडीचूप. दिवसभर नुसती बटणांची टकटक. पहिला दिवस आहे, लाजत असतील.

१२ तारीख, बुधवार

लाजत नाहीत. आज भानगड कळली.

शंकेखोर एकटीच खुदकन हसली. लगेच दाढीवाला हसला. त्याचं टेबल दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या मधे कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. मी उठून दाढीवाल्याला गाठलं. त्याने आधी दाढी खाजवली, मग बोलला. घरून काम सुरू झाल्यापासून म्हणे या सगळ्यांनी एक कॉल कायमचा चालू ठेवलाय. सकाळी कामाला बसलं की त्यात शिरायचं, माइक चालू ठेवायचा, आणि आपापलं काम करत बसायचं. बोलायचं असेल तर बोलायचं, नाहीतर नाही. नुसतं एकमेकांचं असणं ऐकू येतं. त्याला ते ‘खोली’ म्हणतात.

“थोरली पण असते?”

“ताईंनीच सुरू केली ना साहेब.”

“मला कसं माहीत नाही?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

म्हणजे मी इथे खुर्च्यांना तेल पाजतोय, आणि यांचं ऑफिस भलतीकडेच भरतंय! शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला हे अर्ध्या दिवसाच्या अंतरावरून फिरून येतात. ही कुठली तऱ्हा?

१३ तारीख, गुरुवार

दाढीवाल्याला सांगून ऑफिसच्या नेटवरून ती खोली बंद करायला लावली. त्याने एकदाच विचारलं, “नक्की ना साहेब?” म्हटलं, नक्की. तोंडं दिलीत देवाने, ती वापरा.

दुपारी दोघांना प्रत्यक्ष बोलताना ऐकलं. विषय कॉफीच्या यंत्राचा होता, ते गळतं. पण सुरुवात तर झाली.

१८ तारीख, मंगळवार

आज जीव टांगणीला लागला होता.

सकाळी औषधांच्या गोदामाचा अलार्म आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आत लशी आणि इंजेक्शनं, तापमान चढलं की सगळं कचऱ्यात. दोष साधा होता, तिथला कंट्रोलर अडकला होता. एकदा रीसेट केला की तो आपलं सगळं पुन्हा आठवतो आणि कामाला लागतो, फक्त आठवायला त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. दाढीवाल्याने इथून रीसेट केला. त्याला अजून अर्धवट आठवलं असेल-नसेल, तोवर थोरलीने तिकडून रीसेट केला. दोघांना एकमेकांचं माहीत नाही. कंट्रोलरने हात वर केले आणि कॉम्प्रेसरच बंद पडला. आता इथून काहीही दाबा, तो ऐकेना.

गोदाम गावाबाहेर, पण आमच्याच बाजूला. गाडी काढली आणि मीच गेलो. गोदामाचा मॅनेजर दारात घाम पुसत उभा. मागे जाऊन पेटी उघडली, कंट्रोलरला बाजूला काढलं आणि कॉम्प्रेसर हाताने चालू केला. पहिला हुंदका, दुसरा हुंदका, मग लयीत आला. तिथेच उलट्या बादलीवर बसून काटा खाली येईपर्यंत ऐकत राहिलो. औषधं वाचली. लिहायला नको, पण कित्येक महिन्यांत इतका मजेत दिवस गेला नव्हता.

शंकेखोरीला विचारलं, हे पूर्वी कधी झालं होतं का? म्हणाली, “नाही. खोलीत पहिला जो बघेल तो ‘मी घेतला’ म्हणायचा. मग बाकीचे हात लावत नसत.”

म्हणजे दोष कुठे आहे ते उघड झालं. एक माणूस इथे आणि एक तिथे असला की असंच होणार. थोरली समोरच्या टेबलावर असती तर दाढीवाल्याचा हात तिला दिसला असता.

१९ तारीख, बुधवार

मॅनेजरचा फोन. चूक कोणाची, म्हणून धरून बसला. सांगितलं की आमच्या एक बाई अजून घरून काम करतात, त्यामुळे गोंधळ झाला, महिनाअखेर तो प्रश्न मिटेल. तो म्हणाला, “मिटवाच. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.”

हे बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. असं ती सहसा करत नाही. “खोली कोणी बंद केली होती?”

“तो वेगळा मुद्दा आहे.”

“बरं,” म्हणाली. हा ‘बरं’ हल्ली फार पसरत चाललाय.

२१ तारीख, शुक्रवार

ऑफिस रुळतंय, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. परवापासून मोठे हेडफोन गेले. आता प्रत्येकाच्या एकाच कानात ते इअरफोनचं बारकं बोंडूक असतं. गाणी ऐकत असतील, ऐकू देत. निदान दुसरा कान माझ्या खोलीत आहे. माणसं एकत्रही येऊ लागलीत. जेवणाच्या सुट्टीत सगळे जिन्यात जमून खलबतं करतात, मी गेलो की हसून पांगतात. हिशेबनीस सांगत होता की एकाच आठवड्यात तिघांनी अनुभवाचा दाखला मागितला. घरासाठी कर्ज काढत असणार. माणूस ऑफिसात यायला लागला की असा स्थिरावतो, घरदार करायचं मनात येतं. हिशेबनीस माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला हे सुचलं नसणार.

थोरलीकडून अजून काही नाही. फोनवर तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. समोर बसल्यावर ती माझं ऐकेल. मंगळवारी तिच्याकडे जातो. ऑफिसात सांगितलंय की गिऱ्हाइकाकडे चाललोय.

२५ तारीख, मंगळवार

थोरलीच्या गावातल्या लॉजवर बसून लिहितोय.  झालं तसं लिहितो.

दुपारी तिच्या दारात उभा राहिलो. दार तिनेच उघडलं. म्हणाली, “या ना साहेब, चहा टाकते,” जणू मी रोजच येतो. तिची कामाची खोली लहान, एक टेबल, दोन पडदे, खिडकीखाली बाग. मला खुर्ची देऊन ती आत गेली.

बसलो आणि कुरकुर ऐकू आली. खुर्ची माझी नव्हती. पुन्हा आली. दाढीवाल्याची खुर्ची! टेबलावरच्या स्पीकरमधून. मग शंकेखोरीची शिंक, तिच्यामागून कॉफीच्या यंत्राचं थुंकणं, कोणीतरी ड्रॉवर लाथेने लावला. माझं अख्खं ऑफिस त्या एवढ्याशा डब्यात बसलं होतं. केबिनचं दार सताड उघडूनही ते मला असं कधी ऐकू आलं नव्हतं. ऑफिसचं नेट मी बंद केलं, तर यांनी आपापल्या फोनवरून खोली पुन्हा भरवली होती. ती बोंडकं गाण्यांची नव्हती.

एका भाजीच्या गोदामाचा अलार्म आला. “मी घेतला,” शंकेखोर म्हणाली. बाकीचे गप्प. दोन घोट चहाच्या वेळात काम झालंसुद्धा.

मग दाढीवाल्याचा आवाज: “साहेब आज नाहीत, जरा मोकळं बोला. ताईंचं त्या दुसऱ्या कंपनीत सोमवारी नक्की होणार. त्या गेल्या की मी पण अर्ज देतो. तुम्ही?”

“दाखला हातात आलाय,” कोणीतरी म्हणालं. “मला त्याच कंपनीने बोलावलंय.”

“मला साहेबांचं वाईट वाटतं,” शंकेखोर म्हणाली. “दिवसभर दाराच्या फटीशी ऐकत बसतात. कोणीतरी जाऊन बोलत जा रे त्यांच्याशी.”

“तू जा.”

“काय बोलू? ते ऐकतात ते कळतं, पण बोलतात कुठे? हुकूम तेवढा बोलतात.”

थोरली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. स्पीकर बंद करायला पुढे आली, मी हाताने थांबवलं. मग ती टेबलाकडे तोंड करून म्हणाली, “साहेब इथे बसलेत.”

खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही.

काहीतरी बोलणं भाग होतं. माझ्या तोंडून निघालं, “कॉफीचं यंत्र उद्या दुरुस्त करतो.” इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात बोललो नसेन. मग तिने कॉल बंद केला.

चहा घेतला. विचारलं, “किती जास्त देतायत ते?” ती म्हणाली, तेवढेच देतायत. सोमवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. “मग इथे राहायला तुला काय हवं?”

“हुकूम मागे घ्या. ज्याला यायचंय तो येईल, नसेल यायचं तो नाही येणार. शंकेखोरीला ऑफिस आवडतं, घरी तिच्या तीन बहिणी एका खोलीत असतात. मला इथे आवडतं. आणि खोलीत तुम्ही यायचं. माइक चालू ठेवून, दिवसभर.”

“अगं, मी मालक आहे. माझे गिऱ्हाइकांशी फोन असतात, बँकेशी असतात. सगळ्यांनी ते ऐकायचं?”

“आमच्या घरचं सगळं आम्ही एकमेकांना ऐकू दिलंय साहेब. मुलगा हट्ट करतो तेव्हा मी त्याच्यावर कशी ओरडते, ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आम्हाला अकरा वर्षं ऐकताय. आम्हाला तुम्ही कधी ऐकू आलाय?”

“विचार करतो,” म्हणालो. तिने फाटकापर्यंत सोडलं. “सांभाळून जा,” म्हणाली. ‘बरं’ म्हणाली नाही.

२८ तारीख, शुक्रवार

हुकूम मागे घेतला. एका ओळीत, कारण न देता. माणसं तरी तशीच वागतायत, जपून, आजाऱ्याच्या खोलीत वागावं तशी. शंकेखोर मुद्दाम केबिनमध्ये आली आणि हवेबद्दल बोलली. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

माइकचं मात्र मनाला पटत नाही. बायकोला म्हटलं, मी काय नाटकातला नट आहे, दिवसभर लोकांना आवाज ऐकवायला? ती म्हणाली, “अहो, घाबरताय कशाला? फार काही ऐकण्यासारखं नसतं तुमचं.” धीर देण्याची ही तिची पद्धत.

३१ तारीख, सोमवार

सकाळी खोलीत शिरलो. शंकेखोरीने येऊन बटण दाखवलं. हिरवा दिवा लागला. “साहेब आले,” कोणीतरी म्हणालं, आणि टकटक पुन्हा सुरू झाली. थोरलीच्या खिडकीबाहेर पाखरं ओरडत होती.

विचित्र प्रकार आहे. स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी कागद वाचताना पुटपुटतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. दाढीवाला म्हणाला, “साहेब, तो आकडा हजारात आहे, लाखात नाही.” मी दचकलो. आकडा खरोखरच हजारात होता.

दुपारनंतर फोन वाजला. औषधांच्या गोदामाचा मॅनेजर. माझा हात माइकच्या बटणाकडे गेला. तिथेच थांबला. फोन स्पीकरवर नव्हता, त्याचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. पण माझं जाणार होतं.

“बोला,” म्हणालो.

त्याने विचारलं, महिना संपला, त्या बाईंचा प्रश्न मिटला का? काढलं का त्यांना?

पलीकडची सगळी टकटक थांबलेली मला ऐकू येत होती. माझे कान तेवढे तरी शाबूत आहेत.

“त्या बाईंचा काही प्रश्न नव्हता,” मी म्हणालो. “त्या दिवशी आमच्या लोकांचा एकमेकांशी बोलायचा रस्ता बंद होता, म्हणून दोघांनी एकच काम केलं. तो रस्ता मी बंद केला होता. मी. आणि तुम्हाला वर खोटं सांगितलं. हो, खोटंच. त्या घरून काम करतात आणि यापुढेही करतील. तुम्हाला दुसरीकडे बघायचं असेल तर बघा, पण या बाईंइतकं तुमचं मशीन ओळखणारं माणूस तिकडे मिळणार नाही.”

 त्याने विचारलं, रस्ता आता चालू आहे का? म्हटलं, चालू आहे, मी स्वतः त्यावर बसलोय. बघू म्हणाला, आणि ठेवला. तो राहील की जाईल, सांगता येत नाही.

खोलीत शंकेखोरीने नाक ओढलं. ती सर्दी नसावी.

मग थोरली म्हणाली, “साहेब, त्या लोकांना मी ‘नाही’ म्हणून कळवलंय.”

“कधी?”

“आत्ता. तुम्ही फोनवर होतात तेव्हा.”

मला काही बोलता येईना. तेही सगळ्यांना ऐकू गेलं असणार.